बुलेटचं तेल कुठून गळतं?

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेत गाड्यांची मोठी गर्दी असते. दिंड्या पायी येतात, पण त्यांच्या मागे सामानाचे टेम्पो, जीप आणि हल्ली मोटारसायकलींच्या रांगाच रांगा. त्या रांगेच्या अगदी टोकाला, पाण्याच्या ओघळापासून होईल तितक्या लांब, एखादी जुनी काळी बुलेट उभी दिसली आणि तिच्या इंजिनाखाली पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा सरकवलेला दिसला, तर ती गाडी बहुधा आमची. पुठ्ठ्याची पद्धत माझ्या वडिलांची, अण्णांची. मन्मथस्वामींच्या समाधीजवळ डोंगरावरून जी धार पडते तिचं पाणी लोक ओंजळीत घेतात, डोळ्यांना लावतात. त्या पाण्यावर आपल्या गाडीचा तवंग दिसला तर लाज कुणाला वाटेल, असं ते म्हणत. परत निघताना ते पुठ्ठा उचलून उजेडात धरत, त्यावरचे थेंब मोजत आणि घडी घालून पिशवीत ठेवत. लहानपणी मला वाटायचं, हाही दर्शनाचाच एक विधी असावा.

त्या पुठ्ठ्यावरचा थेंब येतो कुठून, हे समजायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. आज मला तेच सांगायचं आहे. मोटारसायकलच्या तेलगळतीला कसला आलाय इतिहास, असं तुम्हाला वाटेल. पण गळतीचा माग काढत गेलं की माणूस मांजरसुंब्याच्या घाटातून मद्रासला जातो, मद्रासहून विलायतेला जातो आणि फिरून बीडच्या एका मिस्त्रीच्या गाळ्यात येऊन बसतो.

सुरुवात अगदी जुन्या काळापासून करू. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक मोटारसायकलींत तेल गळू नये अशी अपेक्षाच नव्हती. उलट ते वाहून जावं अशीच योजना होती. पेट्रोलच्या टाकीशेजारी तेलाची छोटी टाकी आणि तिला हातपंप असे. चालवणाऱ्याने थोड्या थोड्या मैलांवर पंपाचा एक दट्ट्या मारायचा, की थोडं तेल इंजिनात उतरे. ते आपलं काम करी, काही जळून धुरावाटे जाई, उरलेलं सांध्यांतून झिरपून रस्त्यावर पडे. परत कुणी येतच नसे. चढ आला की दोन दट्ट्ये जास्त मारायचे, हे चालकाचं कसब. एकदा वापरलेलं तेल गेलं ते गेलं, असा तो हिशेब. आपल्याकडच्या राजदूत, जावा, लुना या टू-स्ट्रोक गाड्याही एका अर्थाने याच हिशेबावर चालत राहिल्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि निळ्या धुराने ते आकाशाला अर्पण करायचं. त्यामुळे लुनावाल्याला तेलाचे डाग कमी दिसत आणि तो बुलेटवाल्याला हसे. तेल दोघांचंही जातच होतं.

पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत फोर-स्ट्रोक गाड्यांत तेल फिरतं ठेवायची व्यवस्था रुळली. एक पंप तेल टाकीतून उचलून इंजिनाच्या पोटात देतो, दुसरा पंप खाली साचलेलं तेल उपसून परत टाकीत टाकतो. तेव्हापासून खाली पडलेला थेंब हा दोष ठरला. त्याआधी तो हिशेबातला खर्च होता. इंजिनाचं कवच मात्र जुन्याच रीतीने बनत राहिलं. बदामाचं टरफल मधोमध उभं फोडावं तशी क्रँककेसची दोन अर्धुकं, एक डावं, एक उजवं. ती समोरासमोर बसवून बोल्टांनी आवळायची. आता हा उभा सांधा थेट खालपर्यंत जातो, आणि तेल साचतं तेही तळाशीच. म्हणजे जिथे पाणी साचतं नेमका तिथेच भिंतीचा सांधा ठेवल्यासारखं झालं. आमचे अण्णा लघुपाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर होते. ते म्हणत, असा बंधारा मी बांधला असता तर मला घरी पाठवलं असतं.

आता बुलेटकडे येतो. रॉयल एन्फिल्ड कंपनीचं मूळ इंग्लंडमधल्या रेडिच या गावचं. रेडिच हे सुयांचं गाव. शिवणाच्या सुया तिथून जगभर जात, आणि या कंपनीची मुळंही एका सुयांच्या कारखान्यातच आहेत. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवण्याइतकी बारीक नजर असणाऱ्या गावाने तेल गळणारं इंजिन द्यावं, ही गंमतच. पण त्यालाही कारण आहे. ३५० सीसी बुलेटचं आपल्या ओळखीचं रूप १९४८-४९ सालचं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, इंग्लंडातले कारखाने युद्धकाळात रात्रंदिवस चालून थकले होते, आणि परकीय चलनासाठी जे बनेल ते बाहेर विकायची घाई होती.

त्याच सुमारास आपल्या सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती आणि बुलेट पसंत पडली. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया काढली. आधी विलायतेहून आलेले सुटे भाग मद्रासला जोडत. १९५७ साली भाग बनवायची यंत्रसामग्रीच इकडे आली, आणि १९६२ पर्यंत सगळी गाडी इथे बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला. मूळ घर बंद झालं, पण मद्रासजवळच्या तिरुवोत्रियूरला तेच इंजिन बनत राहिलं. किरकोळ बदल झाले, सांगाडा तोच. बिडाचं सिलिंडर, उभ्या सांध्याची क्रँककेस, मागे वेगळा जोडलेला गिअरबॉक्स. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा, २०१० च्या आसपास, ते बिडाचं इंजिन थांबलं. म्हणजे साठ वर्षं!

तिकडे जपानने वेगळा रस्ता धरला होता. होंडाने आपल्या गाड्यांची क्रँककेस उभी न फोडता आडवी फोडली. भाकरीवर भाकरी ठेवावी तसा वरचा भाग खालच्या भागावर. सांधा तेलाच्या पातळीच्या वर गेला. १९६९ साली आलेली होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० रात्रभर उभी केली तरी सकाळी खालची फरशी कोरडी. विलायती मोटारसायकल उद्योगाच्या अखेरीला बरीच कारणं आहेत, पण त्या कोरड्या फरशीचा त्यात वाटा आहे असं माझं मत आहे. आपल्याकडे आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे ती तुलना आपल्या डोळ्यांसमोर फार उशिरा आली. तोपर्यंत 'बुलेटखाली तेल दिसलं नाही तर समजा, बुलेटमध्ये तेल नाही' हा विनोद आपण सगळ्यांनी पचवला होता.

अण्णांची गाडी १९६३ सालची. त्यांनी ती १९६९ साली जुनी घेतली. इथे बीडचा भूगोल थोडा लक्षात घ्यावा लागेल. हैदराबाद संस्थानात असल्यापासून बीड शहर रेल्वेपासून दूर. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली, पण बीड शहराला आगगाडीचं तोंड दिसायला २०२५ साल उजाडावं लागलं. त्यामुळे इथलं सगळं जगणं रस्त्यावर, आणि रस्त्यावरचं जगणं मिस्त्रीवर.

१९७२ चा दुष्काळ पडला आणि अण्णांच्या गाडीला उसंत राहिली नाही. रोजगार हमीची कामं निघाली. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव. हजारो माणसं उन्हात काम करत होती आणि ओव्हरसियरला रोज तीन-तीन कामांवर हजेरी बघायला, मापं घ्यायला जावं लागे. पालीवरून बिंदुसरेच्या तलावाच्या कडेने वर चढायचं, मांजरसुंब्याला पोचायचं, तिथून पाटोद्याकडे नाहीतर नेकनूरकडे. कच्चा रस्ता, गुडघाभर फुफाटा. गाडीतून झिरपलेल्या तेलावर तो फुफाटा बसे आणि इंजिनाला काळ्या पुरणाचा लेप दिल्यासारखं दिसे. मजूर बाया हसत. अण्णा म्हणत, "काय करणार, तलाव पाझरला पाहिजे तर तो पाझरत नाही, आणि ही न सांगता पाझरते."

त्या वर्षी तेल ही साधी गोष्ट नव्हती. आठवड्याला पाव लिटर तेल जाई, आणि ते पैसे पगारातून जात. म्हणून अण्णा गाडी घेऊन चाचांकडे गेले. चाचा म्हणजे बीडमधले एक मिस्त्री. सैन्याच्या नगरच्या वर्कशॉपमध्ये तरुणपणी काम केलेले, मग घरी परतून एका पत्र्याच्या गाळ्यात बसलेले. त्यांचं नाव इथे घेत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. गाळ्याबाहेर पाटीही नव्हती.

अण्णा म्हणाले, "मिस्त्री, एकदा सगळं घट्ट आवळून टाका. तेल बंद झालं पाहिजे."

चाचांनी गाडीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "साहेब, तेल बंद करायचं नसतं. हवा बघायची असते."

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. मला ते वाक्य कोड्यासारखं वाटलं. पुढे ते समजलं, ते असं.

बुलेटचा पिस्टन एक आहे आणि मोठा आहे. ७० मिलिमीटर व्यास, ९० मिलिमीटर धाव. तो खाली येतो तेव्हा वरची जागा ३४६ घन सेंटिमीटरनी वाढते आणि खाली क्रँककेसमधली जागा तेवढीच कमी होते. म्हणजे मोठ्या पेलाभर हवा प्रत्येक फेऱ्याला दाबली जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला ५० वेळा घडतं. लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणा. या भात्याला बाहेर जायला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर. त्यात एकाच दिशेला उघडणारी झडप असते. पुढच्या काळात ती बदकाच्या चोचीसारखी रबरी केली. पिस्टन खाली आला की हवा बाहेर, वर गेला की चोच बंद. झडप नीट असेल तर इंजिनाच्या पोटात बाहेरपेक्षा दाब थोडा कमीच राहतो, आणि मग सांध्यात बारीक फट असली तरी तेल बाहेर यायला बघत नाही, आतच राहतं. झडप चोंदली, कडक झाली, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून वरचा गॅस खाली उतरू लागला, की पोटातला दाब वाढतो. मग तो सगळ्यात कच्चा सांधा शोधतो आणि तिथून तेल बाहेर ढकलतो. तुम्ही तो सांधा बंद केलात तर दाब दुसरा शोधतो. गळती दिसते सांध्यावर, तिचं कारण असतं भात्यात.

कपिलधारला जाऊन या, तिथे हेच दिसतं. आपल्या बालाघाटाचा डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांवर थर असा रचलेला आहे. मुरलेलं पाणी घट्ट थरावर अडतं आणि दोन थरांच्या सांध्यातून बाहेर येतं. खालची भेग बुजवून वरचा पाऊस थांबत नाही.

चाचांनी त्या दिवशी पहिलं काम केलं ते ब्रीदर उघडून धुण्याचं. दुसरं काम, सगळं इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं पुसलं. तिसरं काम पाहून मी थक्क झालो. त्यांनी अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला आणि इंजिनावर शिंपडला, बाळाला लावावी तशी. मग अण्णांना म्हणाले, "पालीपर्यंत जाऊन या." अण्णा जाऊन आले तेव्हा पांढऱ्या पावडरवर ओलाव्याच्या रेघा उमटल्या होत्या. वाऱ्याने तेल मागे पसरतं आणि वजनाने खाली उतरतं, म्हणून जिथे थेंब पडतो ती जागा गळतीची कधीच नसते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका पाहायचा. अण्णा दोन वर्षं तळाच्या बोल्टावर संशय घेत होते. ठिपका निघाला वर, रॉकरच्या झाकणाशी.

पॅकिंगची दुकानं तेव्हा गावात नव्हती. चाचा जाड कागदाचं पॅकिंग हाताने करत. अण्णांच्या पिशवीत नकाशाच्या कागदाचे तुकडे असत, ते त्यांना फार आवडत. कागद झाकणाच्या तोंडावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके मारत जायचं. धातूची धारच कागद कापते. बोल्टांच्या भोकांवर सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा ठेवून एक टोला, की स्वच्छ गोल भोक. मग कागद तेलात भिजवायचा. आमच्या गाडीच्या टायमिंग कव्हरमध्ये बरीच वर्षं एका पाझर तलावाच्या सांडव्याचा आराखडा होता.

तांब्याचे वॉशर ते कधी टाकून देत नसत. दाबून कडक झालेलं तांबं चिमट्यात धरून लालभडक तापवायचं आणि पाण्यात सोडायचं. लोखंड असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ पडतं. मऊ वॉशर पुन्हा सांध्याच्या आकाराचा होतो. झाकणाचं तोंड वाकडं असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरायचा आणि झाकण त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं. पाचेक मिनिटांनी कुठे चमक आली, कुठे नाही, ते पाहायचं. जिथे चमक नाही तिथे खड्डा. आणि बोल्ट आवळायचे ते समोरासमोरचे, थोडे थोडे, खाटेचं नवार ताणतात तसे. गळतं म्हणून जोर लावणाऱ्यांवर चाचांचा फार राग. अ‍ॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की देवही परत देत नाही, म्हणायचे. क्लचकडचं मोठं झाकण तर मधल्या एकाच नटावर बसतं आणि कडेच्या रबरी कड्याने बंद होतं. तिथे जोर लावणारा झाकण वाकवतो आणि नवी गळती विकत घेतो.

क्रँककेसच्या दोन अर्धुकांमध्ये मात्र कागद चालत नाही. जाडी वाढली तर आतल्या बेअरिंगची मापं बिघडतात. पुढे एकदा इंजिन पूर्ण खोललं तेव्हा चाचांनी माझ्या आईकडे रेशमाचा धागा मागितला. तिच्या भरतकामाच्या डब्यातली पिवळी लडी मी नेऊन दिली. त्यांनी सांध्याच्या एका तोंडावर शेलॅकचा पातळ हात दिला, त्यावर तो धागा बोल्टांच्या आतल्या बाजूने फिरवला आणि दुसरं अर्धुक बसवलं. हे त्यांचं स्वतःचं डोकं असावं असं मी कित्येक वर्षं समजत होतो. मग कळलं की लहान विमानांची इंजिनं बनवणाऱ्या लायकमिंग, कॉन्टिनेंटल या अमेरिकन कंपन्यांच्या कामातही क्रँककेसच्या सांध्यात रेशमाचा धागा घालतात. चाचांना ते कुणी सांगितलं, सैन्याच्या वर्कशॉपमध्ये पाहिलं की काय, हे विचारायचं राहून गेलं.

अण्णा १९८७ ला निवृत्त झाले आणि गाडी ओसरीत पोत्याखाली गेली. ते गेल्यावर काही वर्षांनी, २००४ साली, मी ती चालू करायचं मनावर घेतलं. तेव्हा मी नोकरीनिमित्त मोठ्या शहरात होतो. तिथल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये गाडी दिली. महिन्याने परत मिळाली तेव्हा नव्यासारखी दिसत होती आणि, काय सांगू, थेंब नाही! पुठ्ठा रोज सकाळी कोरडा. मी खूष. सांध्यांच्या कडेने लाल सिलिकॉनची बारीक रेघ दिसत होती, तिचंही मला कौतुक वाटलं.

पौर्णिमेला बीडहून कपिलधारला निघालो. पालीच्या पुढे चढाला लागलो आणि इंजिनाच्या पोटातून आवाज येऊ लागला, दाराची कडी कुणीतरी आतून वाजवावी तसा. अण्णा असते तर जागच्या जागी थांबले असते. मी अर्धा किलोमीटर आणखी ताणलं. मग गाडी स्वतःच थांबली.

उसाच्या टेम्पोत घालून ती चाचांच्या गाळ्यावर आणली. चाचा तेव्हा सत्तरीच्या पुढे, हात थरथरत, काम मुलगा करी. पण टायमिंग कव्हर उघडलं तेव्हा ते स्वतः उठून आले. कव्हरमधल्या ज्या बारीक वाटेने तेल क्रँकशाफ्टच्या टोकाला आणि तिथून बिग एंडला जातं, तिच्या तोंडाशी लाल गांडुळासारखा तुकडा अडकला होता. सिलिकॉन. सांध्यावर जे जास्तीचं लावलं होतं ते बाहेर जेवढं आलं तेवढंच आतही गेलं होतं. बाहेरचं दिसायला छान, आतलं सुटून तेलाबरोबर वाहत गेलं. जुन्या बुलेटच्या बिग एंडला गोळ्यांचं बेअरिंग नसतं, तरंगती बुश असते. ती तेलाच्या पातळ पडद्यावर जगते. पडदा फाटला की ती धातूला धातू घासते आणि चिकटते. बुश गेली, कनेक्टिंग रॉड गेला. ब्रीदरची झडप तर त्या वर्कशॉपमध्ये कुणी उघडूनही पाहिली नव्हती. दाब तसाच होता, फक्त त्याच्या वाटा बुजवल्या होत्या.

चाचा मला रागावले नाहीत. तो तुकडा बोटांवर घेऊन म्हणाले, "बेटा, इसको साँस तो लेने देते." मग मुलाला म्हणाले, "चहा सांग."

सिलिकॉन वाईट असं मी म्हणत नाही. आजच्या गाड्यांचे सांधे अचूक कापलेले असतात, तिथे ते नेमक्या मापाने लावतात आणि उत्तम काम करतं. जुन्या इंजिनावर ते लावायचंच असेल तर पोस्टाच्या पाकिटाला डिंक लावतो तितकं पातळ लावावं. माझी तक्रार लावणाऱ्याच्या घाईबद्दल आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या खुषीबद्दल. थेंब थांबला म्हणजे रोग गेला असं मी मानलं होतं.

गाडी पुन्हा बांधायला पाच महिने लागले. या वेळी मी सुट्टीच्या दिवशी गाळ्यावर बसून हाताखाली काम केलं. आणखी एक गोष्ट तेव्हा शिकलो, ती जुनी बुलेट बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या फटीतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. मग किक मारली की भाता हवेऐवजी तेलच फेकतो आणि ब्रीदरच्या नळीतून धार लागते. मालक घाबरतो, पॅकिंग गेलं म्हणून इंजिन खोलायला देतो. इंजिनाला काही झालेलं नसतं. तळाचा बोल्ट काढून जास्तीचं तेल निथळवायचं, टाकीत परत भरायचं, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवायची. माणसांच्या बाबतीतही, असं चाचा पुढे काहीतरी म्हणाले होते, पण तेव्हा लेथचा आवाज चालू होता.

२०२१ साली केंद्र सरकारने नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नासपेक्षा जास्त वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी आता कायद्याने 'व्हिंटेज'. विलायतेतले काटेकोर लोक १९३० पर्यंतच्याच गाडीला व्हिंटेज म्हणतात, पण आपला कायदा उदार आहे. त्यामुळे अण्णांची बुलेट व्हिंटेज झाली. जुन्या बुलेटच्या किमती चढल्या, शहरांतून लोक गावोगाव शोधत फिरतात. आमच्या ओसरीतही दोघं येऊन गेले. एकाने इंजिनाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "थोडं गळतंय, तेवढं कमी करून द्या." मी गाडी दिली नाही. गिऱ्हाईक मात्र चांगलं होतं, चहा घेऊन गेला.

चाचांचा गाळा आता नाही. महामार्ग रुंद झाला. तेव्हाचा २११, आताचा ५२. त्या बाजूला मोबाइलची दुकानं आली. मुलगा ट्रॅक्टरच्या कामाला लागला, त्यात पैसा आहे. कागदावर हातोडीने पॅकिंग कापणारा माणूस बीडमध्ये आज मला एकच माहीत आहे, आणि तो मी आहे. माझं काम चाचांच्या पासंगालाही पुरत नाही. माझ्या पॅकिंगची भोकं थोडी फाटतात. मुलीला शिकवतोय. तिचा हात हलका आहे, आणि छर्रा ठेवून टोला मारायला तिला आवडतं.

गेल्या कार्तिकीला आम्ही दोघं कपिलधारला गेलो. घाटात कुठेही आवाज आला नाही. गाडी रांगेच्या टोकाला लावली, पुठ्ठा सरकवला, दर्शन घेतलं, धारेखाली हात-तोंड धुतलं. पाऊस चांगला झाला होता, धार जाड होती. परत आलो तेव्हा मुलीनेच पुठ्ठा उचलून उजेडात धरला.

"दोन," ती म्हणाली. मग बोटाने ओलं तपासून म्हणाली, "एक गिअरबॉक्सचा आहे, बाबा. हा जरा ग्रीससारखा लागतोय."

मी वाकून पाहिलं. बरोबर होतं.